बरणीतला उजेड
मल्लेश्वरमच्या गणपतीत १९५८ साली नाटक होते. फिटर जयसिंगरावाने दिवा मंद करायची युक्ती केली. बरणीत मिठाचे पाणी, त्यात तारांना जोडलेले दोन पत्रे. एक वर उचलला की उजेड कमी होई.

नाटकात त्याची वहिनी गोजराबाई हिचा मरणाचा प्रसंग आला. दिवा मंद होईना. गडबडून त्याने पत्रा बाहेरच काढला आणि तिच्या अर्ध्या वाक्यात काळोख झाला. लोक खो खो हसले. जयसिंगराव मागल्या दाराने पळाला.

सकाळी तिने चहा दिला. त्याची मान वर होईना.

"मीठ जास्त पडलं, वहिनी. माझ्यामुळं तुमचं हसं झालं."

"मग आज स्वल्पच घाला, भावजी."

संध्याकाळच्या खेळात उजेड सावकाश मावळला. टाळ्या पडल्या. वहिनीने हाक मारली, तरी तो पडद्याआडून बाहेर आला नाही.