काकूंचं पुरं झालेलं चित्र

पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी वर्गात पोचायचं आणि ठसा उमटवायचा, असं त्याने ठरवलं होतं. ठसा उमटला. चांगला की वाईट, यावर अजून मतभेद आहेत.

नाव दुसऱ्या यादीत लागल्यामुळे कला महाविद्यालयात तो उशिरा दाखल झाला. वर्ग सुरू होऊन काही आठवडे होऊन गेले होते. सकाळी दार ढकललं तर आत चिटपाखरू नाही. उंच खिडक्या, टर्पेंटाइनचा वास, चित्र टेकवायचे, गोलाकार उभे केलेले रिकामे ईझल, आणि मधोमध एका बुटक्या टेबलावर नुसता पसारा. राखाडी कापड कोणीतरी रागाने भिरकावल्यासारखं पडलं होतं, अर्धं टेबलाखाली लोंबत होतं. त्यावर कळकट पितळी किटली, एक रिकामी बाटली, अर्धवट सोललेले कांदे, आणि टरफलं वाटेल तिथे. टेबलाच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या रेघासुद्धा ओढून ठेवलेल्या.

त्याच्या गावच्या शाळेत चित्रकलेच्या बाई आधी नखं तपासत, मग चित्र. त्यांनी काढायला दिलेल्या वस्तू म्हणजे चेंडू, पुस्तक आणि तांब्या, तिघेही कवायतीला उभे असल्यासारखे. त्यामुळे हा पसारा पाहून त्याचा जीव कासावीस झाला. मुलं हुशार असतील, पण वळण म्हणून नाही, असं मनाशी म्हणत त्याने बाह्या सरसावल्या. कापड झटकून टोकाला टोक जुळवून चौपदरी घडी घातली. किटली रुमालाने घासून लख्ख केली. टरफलं कचऱ्यात गेली. कांदे उंचीप्रमाणे ओळीत उभे राहिले. शेवटी फरशीवरचा खडू पुसून तो शाबासकीची वाट बघत थांबला.

वर्ग आला आणि दारातच थबकला. कोणाच्या तरी हातातला ब्रशचा डबा खाली पडला.

"हे कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"मी, सर!" त्याने अभिमानाने हात वर केला.

मग जो गलका उडाला, त्यातून त्याला कळलं ते असं, की तो पसारा नव्हता, ती मांडणी होती. सर ती स्वतः लावतात, एकेक चुणी पाडायला अर्धा अर्धा दिवस खपतात. अख्खा वर्ग गेला आठवडाभर तीच रंगवत होता. मांडणी लागली की तिला हात लावायचा नाही, म्हणून झाडूवाल्यांनासुद्धा वर्गात मज्जाव. आणि खडूच्या खुणा होत्या त्या टेबल तसूभर हललं तर परत जागेवर बसावं म्हणून.

"अरे, लग्नाची बॅग भरतोयस का?"

"माझे पण दोन शर्ट आहेत रे, घडी घालून ठेव!"

दुपारपर्यंत त्याचं नाव इस्त्रीवाला पडलं, आणि ते घट्ट बसलं.

एकाने मोबाइलमध्ये मांडणीचा फोटो असल्याची वर्दी दिली. सर म्हणाले, "फोटोवरून काढायचं तर घरी पंख्याखाली बसून काढ. इथे डोळे घेऊन यायचं." मग इस्त्रीवाल्याने आपल्या हाताने कापड परत विस्कटून बघितलं. तो कसाही फेकला तरी ते दोरीवर वाळत घातल्यासारखंच पडे. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, बाळा. तुझ्या हातून पसारा होणार नाही. प्रत्येकाच्या नशिबात नसतो." मग त्याने कापडाची परत घडी घालून ठेवली.

बहुतेकांची कापडं कॅनव्हासवर उतरून झाली होती, त्यामुळे आरडाओरडा झाला तो निम्मा मजेचा. ज्यांना खरं ओरडायला हवं होतं, त्या खिडकीपाशी गप्प उभ्या होत्या. वर्ग त्यांना काकू म्हणत असे, कारण वर्गातल्या पोरांच्या आया त्यांच्याच वयाच्या होत्या. खरं म्हणजे वर्गाच्या वरच्या मजल्यावर, कमर्शियलच्या, म्हणजे जाहिरातकलेच्या, शेवटच्या वर्षाला, काकूंची स्वतःची लेक होती. आई आपल्याला ज्युनियर आहे हे ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची, आणि आईकडून चहा मागवायची.

इस्त्रीवाला माफी मागायला काकूंच्या ईझलपाशी गेला आणि माफी विसरून बघतच राहिला. कॅनव्हासवरचे कांदे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती, किंचित वाकडी, जशी बाटलीतून दिसते तशीच. चित्रकलेत जिल्ह्यात पहिला आल्याचं प्रशस्तिपत्रक त्याच्या बॅगेत होतं. ते तिथेच राहू द्यावं, असं त्याला वाटलं.

आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथे कापड हवं, तिथे कोरा पांढरा कॅनव्हास.

"कापडाला हातच लावला नव्हता, काकू?"

"शेवटी ठेवलं होतं," काकू म्हणाल्या. "माझं असंच असतं."

काकूंचं कसं असतं, ते त्याला लेकीने चहाच्या टपरीवर सविस्तर ऐकवलं. काकांचं वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान. लग्न झाल्यापासून काकू गल्ल्यावर. बिघडलेल्या झेरॉक्स कागदांच्या पाठीवर त्या गिऱ्हाइकांची चित्रं काढत. नाक निघालं, एक डोळा निघाला, की कोणीतरी हाक मारी, "वहिनी, दोन्ही बाजूंनी मारा हं!" आणि चित्र तिथेच थांबे. घरात अशा कागदांच्या पेट्या भरल्या आहेत. अर्ध्या नाकांचा एवढा मोठा साठा जगात कुठे नसेल.

"एकही पूर्ण नाही?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"एकही नाही. इथेसुद्धा तेच. सरांनी स्पष्ट सांगितलंय, शनिवारी एक पूर्ण चित्र दाखवा, तर चित्रकला विभागात घेतो. नाही तर कमर्शियल. तिथे काम तुकड्यातुकड्यांनी चालतं. मी तर म्हणते कमर्शियललाच ये, आई, नोकरी तरी लागेल. पण तिला चित्रकलाच पाहिजे. आणि तू नेमकं तिचं कापड..." लेकीने हाताने घडी घालून दाखवली.

दुसऱ्याचं घर आपण आवरायला गेलो आणि भिंतच पाडली, असं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी सर मांडणी नव्याने लावायला आले, तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू द्या, सर. मी हेच काढते."

"घडी?"

"घडी. आणि किटली परत काढते. चकाकतेय ती आता."

सरांनी खांदे उडवले. वर्ग दुसऱ्या कोपऱ्यात नव्या मांडणीकडे गेला. इस्त्रीवाला मात्र काकूंच्या शेजारी उभा राहिला. पॅलेट पुस, टर्पेंटाइन आण, तेल ओत, काय सांगतील ते करायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

काकूंनी राखाडी कापड रंगवायला घेतलं आणि पहिला रंग काढला निळा. मग जांभळा. मग चक्क हिरवट.

"काकू, कापड राखाडी आहे."

"हो का? बघ की नीट."

त्याने बघितलं. आधी राखाडीच दिसलं. काकू ब्रश कॅनव्हासला टेकवत, मान तिरकी करत, परत टेकवत. त्या एकेक रंग ठेवत गेल्या आणि तो रंग समोरच्या कापडात दिसू लागला, जणू काकू कॅनव्हासवर नाही, टेबलावरच रंगवत होत्या. घडीच्या दुमडीत जांभळा होता. खिडकीकडच्या कडेला निळा. कांद्याशेजारी कापडाने कांद्याचा लालसर रंग हळूच उसना घेतला होता. हे सगळं काल त्याच्या हातात होतं, त्याने टोकाला टोक जुळवलं होतं आणि यातलं काही म्हणजे काही त्याला दिसलं नव्हतं. आयुष्यभर तो कपड्यांच्या घड्या घालत आला, आणि कापड आज पहिल्यांदा बघत होता.

त्या संध्याकाळी खोलीवर जाताना एका सिमेंटच्या भिंतीत त्याला गुलाबी दिसला. तो भिंतीला नाक लावून उभा राहिला. वॉचमन म्हणाला, "कोण हवंय?" याने भिंतीकडेच बोट दाखवलं.

पुढचे दिवस काकू किटलीवर होत्या. लख्ख पितळेच्या पोटात अख्खा वर्ग वाकून बसला होता, खिडक्या केळ्यासारख्या, ईझल काडीसारखे. त्यात एका बाजूला लाल ठिपका होता.

"हे काय, काकू?"

"तू. तुझा शर्ट. हलू नकोस."

तो श्वाससुद्धा बेताने घेऊ लागला.

शुक्रवारी दुपारी कापडाचा खालचा एक कोपरा तेवढा उरला होता. हाताच्या पंजाएवढा. इस्त्रीवाला तेल घेऊन आला तर ईझलपाशी कोणी नाही. काकू बाहेर नळावर ब्रश धूत होत्या, सगळेच्या सगळे, साबण लावून.

"काकू, कोपरा राहिलाय."

"ठाऊक आहे."

"मग ब्रश का धुताय?"

काकूंनी नळ बंद केला. "दुकानात कोणी हाक मारली ना, की मी वरवर चिडायचे. पण आतून बरं वाटायचं रे. चित्र अर्धं राहिलं तर चूक गिऱ्हाइकाची. पुरं झालं आणि वाईट निघालं, तर कोणाची?"

तो म्हणाला, "वाईट निघालं तर माझी. घडी मी घातलीय. सगळ्या वर्गाला माहीत आहे."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या एकदम हसल्या. "लबाडा! आणि कोणी हाक मारली तर?"

"मी दारात उभा राहतो. बघू कोण हाक मारतंय."

तो खरंच दारात उभा राहिला. नव्या मांडणीवाले चहाला गेले होते, त्यांना त्याने परत आत घेतलं नाही. मग वरून लेक आली. "आई! आई, अगं बाबांचा फोन, झेरॉक्सचा कागद कुठे..."

"वहिनी दुकानात नाहीत," इस्त्रीवाला म्हणाला.

"बाजूला हो. मी सीनियर आहे."

"सीनियरांनी नंतर यावं."

"अरे, तू कोण मला..." तिने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तिचं बोलणं तुटलं. खिडकीच्या उजेडात तिची आई पाठमोरी उभी होती. हात थांबत होता, उठत होता, टेकत होता. पाठीत घाई नव्हती. कोणी बोलावेल म्हणून कान मागे लागलेला नव्हता. लेकीने फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीच शोधा. आई कामात आहे." मग तीही त्याच्या शेजारी उभी राहिली. देवाने माती भिजवून पहिला माणूस केला, तेव्हा कोणी दारात उभं असेल तर त्याला असंच वाटलं असेल, असं त्याला वाटलं. पण हे तो लेकीला बोलला नाही, ती हसली असती.

शनिवारी सर प्रत्येक चित्रापाशी थांबून पुढे जात होते. काकूंच्या चित्रापाशी त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून नाकावर घेतला. वर्गात कुजबुज झाली, कारण सर चष्मा सहसा खाली घेत नसत. सर बराच वेळ बघत राहिले. किटलीपासून घडीवर, घडीवरून कांद्यावर, परत घडीवर.

"सही राहिलीय," ते म्हणाले.

"सही?" काकू गोंधळल्या. "कुठे करतात?"

"कधी केली नाही?"

"चित्र संपलं तर करणार ना, सर."

सरांनी खालचा उजवा कोपरा दाखवला, शेवटी रंगवलेला. काकूंनी बारीक ब्रश घेतला. दुकानाच्या पावतीवर करायच्या तशी सही त्यांनी केली, घाईची, एका रेघेत. सर म्हणाले, "सोमवारपासून चित्रकला विभागात. आणि सही जरा सावकाश करायला शिका."

लेक टाळ्या वाजवत होती. इस्त्रीवाला किटली जवळून बघायला वाकला. लाल ठिपका जागेवर होता.

"तो बघू नकोस," काकू म्हणाल्या. "तू दारात जाऊन उभा राहिलास, मग किटलीत तू होतास कुठे? कोपरा झाल्यावर ठिपक्यावर शेवटचा हात मारला, तो आठवणीने. खोटा आहे तो."

"मला तर खराच वाटतो."

"मला नाही वाटत. एकदा येऊन तासभर समोर बसायचंस, तुला बघून काढायला. तेवढं देणं लागतोस माझं."

तो हो म्हणाला. पुढे त्याला कमर्शियल मिळालं, दोघांचे मजले वेगळे झाले. काकू जिन्यात भेटल्या की बोट दाखवतात, "तासभर!" आणि हा "उद्या नक्की, काकू" म्हणत दोन दोन पायऱ्या चढतो. वेळ असतो त्याच्याकडे. पण त्या डोळ्यांसमोर तासभर बसायचं, म्हणजे आपल्यात काय काय रंग निघतील, या विचाराने त्याचा धीर अजून झालेला नाही.