पूलबाईंनी बंद केलेला पूल

मॅडम कुठेही गेल्या की आधी भिंत ठोकून बघायच्या. बोटांच्या पेरांनी, दार वाजवावं तसं दोनदा ठक ठक, आणि मग कान तिरका करून गप्प. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आल्या तेव्हा गुरुजींचे मंत्र चालले होते आणि मॅडम हॉलमधल्या खांबाला कान लावून उभ्या! बायकोनं प्रसादाची वाटी पुढे केली तर म्हणाल्या, "इथं प्लास्टर सुटलंय. पोकळ वाजतंय." बायको पुढे बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हती. प्लास्टर पडल्यावर तर अजिबातच बोलेना, जणू ते त्यांनीच पाडलं होतं.

आम्ही दोघं संगमनेरच्या बाजूला एका इंजिनीअरिंग कॉलेजात होतो. मी काँक्रीट शिकवायचो आणि वेळेवर घरी जायचो. मॅडमना घरी जायची घाई नसे, पण कॉलेजातही त्यांचा पाय ठरत नसे. जुना पूल अजून किती ओझं सोसेल हे तो न मोडता कसं ओळखायचं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पुलाच्या पोटाला यंत्रं चिकटवायची, वरून गाड्या जाऊ द्यायच्या आणि खाली लॅपटॉपवर त्याची थरथर बघत बसायचं. बसायचं म्हणजे मी. मॅडम नदीच्या वाळूत येरझाऱ्या घालायच्या. वरून जाणारे लोक कठड्यावरून वाकून विचारायचे, "पूलबाई, काय म्हनतोय आमचा पूल?" हे नाव त्यांना तालुक्याच्या तालुक्यांनी दिलं होतं.

त्यांनी चहाचा कप पूर्ण संपवलेला मी पाहिला नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी लोळत पडलेलो असताना फोन यायचा. "सर, काल जामखेडहून येताना एका पुलाचा आवाज मला आवडला नाही. जाऊन येऊ या का?"

"मॅडम, जामखेड काय कोपऱ्यावर आहे?"

"म्हणूनच लवकर निघू."

आणि मी जायचो! घरचं गरम मटण सोडून, सुकलेल्या ओढ्यात कुठल्या तरी मोरीखाली उभा राहायचो. चरफडायचो, पण जायचो. या बाईला एकटं सोडवत नसे. त्यांच्या जिवाला जी हुरहुर लागलेली असायची ती आपल्यालाही डसायची, आणि मग घरी पडून राहिलं तरी मटण गोड लागत नसे.

एक वाक्य त्या प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायच्या. "ओझ्याखाली पूल वाकणारच, त्यात गैर काही नाही. ओझं काढल्यावर तो किती वर येतो, ते बघायचं." पोरं ते वहीत उतरवायची आणि मागच्या बाकावर त्यांची नक्कल करायची. मॅडमना नक्कल ठाऊक होती. "हात जरा जास्त हलव, मी जास्त हलवते," असं एकदा त्यांनी एकाला सांगितलं होतं.

मग देवळाली प्रवराच्या अलीकडचा तो पूल आला. पलीकडचं गाव म्हणजे मॅडमचं माहेर. तिथंच त्यांचं चर्च, तिथंच आईवडील मातीआड झालेले, आणि थोरला भाऊ याकोबदादा तिथंच ऊस पिकवणारा. गावाचा सगळा ऊस त्या एका पुलावरून फॅक्टरीला जायचा. बांधकाम खात्यानं पुलाची ओझं ठेवून चाचणी घ्यायचं काम आमच्या कॉलेजकडे दिलं, ते नेमकं हंगाम चालू झाल्यावर. वाळूच्या गोण्या वेळेवर मिळेनात. तेव्हा दादाच म्हणाले, "गोन्या कशाला? आमच्या भरल्या ट्रॉल्या उभ्या करा की. फॅक्टरीच्या काट्यावर वजन करून देतो."

मॅडमना ही कल्पना फार आवडली. ज्या ओझ्यासाठी पूल तपासायचा तेच ओझं त्याच्यावर! ट्रॉल्या वजन करून पुलावर ओळीनं लागल्या. खाली परांची बांधून पुलाला तो किती वाकतो ते दाखवणारे काटे लावले. एक संपूर्ण दिवस ओझं तसंच ठेवून काटे वाचत राहायचं, अशी रीत.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तशाच उन्हात, काटे मागे सरकलेले दिसले. ओझं वर असतानाच पूल किंचित वर आला होता. गावकरी खूश. "सावरला! म्हातारा सावरला!" सरपंचांनी पेढे सांगितले. मीही मनातून घरी पोचलो होतो. मॅडम मात्र काट्यासमोर येरझाऱ्या घालत होत्या. "सर, ओझ्याखाली कुठलाही पूल तरुण होत नाही."

एवढं म्हणून त्यांनी हातातल्या उसाचं पेर सोललं आणि तोंडात घालता घालता थांबल्या. हातातल्या उसाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या. मग वर गेल्या. पुलावर बंदोबस्ताचा हवालदार ऊस खात होता. शाळा सुटलेली पोरं खात होती. पाहायला आलेल्या बायकांच्या काखोटीला दोन-दोन कांडकी होती. शेवटच्या ट्रॉलीतलं वाढं, उसाचा हिरवा शेंडा, एक बैल शांतपणे ओढत होता. आमच्या भागात उभ्या ट्रॉलीतला ऊस ओढणं ही चोरी नव्हे, तो रस्त्यानं जाणाऱ्याचा हक्कच. वाळवायला वर ऊन होतंच. चाचणीचं ओझंच आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं होतं, आणि त्यात प्रमुख संशोधकही होत्या!

ट्रॉल्या पुन्हा फॅक्टरीच्या काट्यावर नेल्या, वजन घटलेलं निघालं. मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. हसू थांबलं तसं म्हणाल्या, "चाचणी रद्द. पुन्हा घ्यायची."

दादांचा चेहरा उतरला. "अगं, पास झाला म्हनून लिही की. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय ना, दादा."

या खेपेला खडी भरलेले डंपर उभे केले. खडी कोण खाणार? ओझं उतरवल्यावर पूल जेवढा वर यायला हवा होता तेवढा आला नाही. मॅडमनी गणित पुन्हा केलं, माझ्याकडून वेगळं करून घेतलं, मग दोन्ही समोर ठेवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांचे हात स्थिर होते, तेच मला बघवेना. अहवालात त्यांनी लिहिलं, जड वाहनं बंद. खात्यानं पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी ठोकल्या, उंच गाडी आत शिरूच नये म्हणून.

गावाचे हाल झाले, यात खोटं काही नाही. लांबच्या पुलानं वळसा घालून यायला वाहनवाले तयार होईनात. ऊसतोडीच्या टोळ्या दुसरीकडे गेल्या. दादांच्या उभ्या उसाला तुरे आले, गोडी आणि वजन दोन्ही उतरलं. त्या नाताळाला मॅडम करंज्यांचा डबा घेऊन माहेरी गेल्या तर दादा अंगणातून उठून मळ्यात निघून गेले. त्यानंतर दोघांत शब्द नाही. दर रविवारी मॅडम स्कूटीवरून चर्चला जायच्या, आणि उपासना संपली की दादा बाजूच्या दारानं बाहेर पडायचे.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पूल पडला नाही. एक पूर आला, दुसरा आला, पूल जागच्या जागी. पारावरची माणसं मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, "उभाच हाय की वो पूलबाई!"

"बरंच आहे ना मग," असं म्हणून त्या स्कूटीला किक मारायच्या. पण पूर आला की त्यांना चैन पडत नसे. मला गाडी काढायला लावायच्या, काठावर उभं राहून पाण्याकडे बघायच्या. पूल पडावा असं त्यांना कधी वाटलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरीही तो उभा दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला नुसता आनंद म्हणता येणार नाही. ज्यांचं काम अपघात न होऊ देणं आहे त्यांना आपण बरोबर होतो हे कधी दाखवता येत नाही. मला त्यांच्या वतीनं फार राग यायचा. त्यांना येत नसे, म्हणून जास्तच यायचा.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्या गेल्या. झोपेत, शांतपणे. त्यांच्या स्वभावाला न शोभणारी ही एकच गोष्ट त्यांनी केली.

दफन माहेरच्या गावी करायचं ठरलं. शववाहिका पुलाशी आली आणि कमानीखाली अडली, टप उंच होता. पाळकसाहेब खाली उतरले. गावातले चार तरुण नट खोलायचे पाने घेऊन पुढे झाले, "आजच्या दिवस कमान काढू, लगेच बसवू." वळसा घालायचा तर दिवस मावळला असता.

तेवढ्यात गर्दीतून याकोबदादा आले. घरून अनवाणीच निघाले होते. "कमानीला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "तिनं बंद केलाय. खांद्यावर न्या."

पेटी उतरवली. पुढची बाजू दादांनी घेतली, त्यांच्या शेजारची मी. पुलावरून आम्ही चालत निघालो. खाली पाणी वाहत होतं. पुलाच्या मध्यावर खांदा बदलायला थांबलो, तेव्हा दादा माझ्या दंडाला धरून कठड्याशी घेऊन गेले.

"सर, तुमी हुता तिच्यासंगं. खरं सांगा. पडला असता का वो ह्यो?"

मला खोटं बोलायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्या माणसाला केवढा आधार झाला असता. "माहीत नाही, दादा," मी म्हणालो. "तशीच वाहनं जात राहिली असती तर काय झालं असतं, कुणालाच सांगता येणार नाही."

दादांनी कठड्याला धरलं. मोठ्यानं रडले नाहीत, पण खांदे हलत होते.

"तीबी असंच म्हन्ली हुती," ते म्हणाले. "मी इचारलं, नक्की पडंल का? तर म्हनली, माहीत न्हाई दादा. नक्की पडंल म्हनली असती तर मी तवाच गप बसलो असतो."

मग त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पेटीखाली खांदा दिला.