जळक्या वाळूचा रस्ता

हातकणंगले स्टेशनवर उतरलो तो २००४ सालच्या मार्चमध्ये, भर दुपारी. नागपूरच्या कॉलेजात मी बांधकाम साहित्य शिकवतो. फाउंड्रीच्या टाकाऊ वाळूतून एका वस्तीने रस्ता केल्याचं विद्यार्थ्याकडून कळलं, म्हणून आलो होतो. रिक्षावाल्याने भलत्याच फाट्यावर सोडलं. उसाच्या बांधावरून मैलभर चालताना ओढ्याकाठी काळ्या वाळूचे ढीग दिसले. ओतकामाच्या साच्यांत जळलेली वाळू कारखाने इथे आणून टाकत.

वस्तीच्या तोंडाशी जेसीबी उभा होता आणि त्याच्यापुढे पदर खोचलेल्या सुमनताई कांबळे. पंधरा वर्षं फाउंड्रीत साचे केलेल्या या बाईंनीच बायका जमवून वाळूचे ठोकळे पाडले होते आणि ते बसवून रस्ता केला होता. आधी पावसाळ्यात चिखलामुळे दूधगाडीसुद्धा आत येत नसे.

जेसीबी घेऊन आलेले सरकारी इंजिनिअर म्हणाले, "बाई, हा कचरा आहे. नदीच्या वाळूचा रस्ता मंजूर करतो, पण आधी हा उखडावा लागेल."

"नदी उपसायची आन् ही वाळू वड्यात (ओढ्यात) सोडायची, व्हय? उसाची गाडी जाऊ द्या ह्याच्यावरनं. मग बोलू."

भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गेला. दोन ठोकळे तडकले. इंजिनिअरांनी बोट दाखवलं. सुमनताईंनी ते पहारीने उचकटून बाजूला ठेवले. "फुटलं तर कुटून परत पाडू. तुमचं डांबर फुटल्यावर काय करता?"

मग माझ्याकडे वळल्या. मी कोण, ते आल्याआल्याच सांगितलं होतं. "पावणं (पाहुणे), तुमी पोरांस्नी हेच शिकवता न्हवं? बगितलं त्ये लिवून द्या की."

मी कचरलो. जळक्या वाळूतून पाण्यात काय उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं. तसं बोललोही.

"तपासा की. आमी कुटं न्हाय म्हणतोय?"

तडकलेल्या ठोकळ्यांसकट सगळं लिहून मी सही केली. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायला इंजिनिअर तयार झाले, नाखुशीनेच. जेसीबी माघारी गेला. मग सुमनताईंच्या ओट्यावर भाकरी आणि खरडा (मिरचीचा ठेचा) खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसरी भाकरी मागून घेतली.

परतताना पिशवीत कॉलेजात तपासायला घेतलेले तीन ठोकळे होते. खांदा भरून आला होता. इतकी वर्षं मी फळ्यावर 'टाकाऊ' हा शब्द लिहीत आलो होतो; तो ठरवतं कोण, हे कधी विचारलं नव्हतं.

कॉलेजात विभागप्रमुख म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही."

"मग घाला," मी म्हणालो, आणि पाण्याच्या तपासणीसाठी एक ठोकळा बाजूला काढून पहिला दाबयंत्राखाली ठेवला.