ओवाळणीचं ढेकूळ

पैठणच्या खालच्या अंगाला, कालव्याला लागून असलेलं रान दादानं मला भाऊबीजेला दिलं. ताटात नोट नाही टाकली. रुमालात बांधलेलं काळ्या मातीचं नारळाएवढं ढेकूळ ठेवलं. म्हणाला, "बाई, पाण्याखालचं रान हाय. पोरींना जन्मभर पुरंल." गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. मी डोळे पुसले आणि वडिलांच्या बाकीच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करून मोकळी झाले. वेडी कुठली!

ह्यांची कंपनी तेव्हा बंद पडली होती. शहरातली, क्रांती चौकामागची भाड्याची खोली सोडली, भांडीकुंडी एसटीच्या टपावर टाकली आणि आम्ही गावी आलो. परत जायला मागं काही ठेवलंच नव्हतं.

पहिला गहू ठिगळाठिगळानं उगवला. शेंडे करपलेले. आम्हांला वाटलं, तहानलाय. दिलं आणखी पाणी. चिखल हटून वाफसा काही येईना, आणि वरवर सुकलं की वावरावर चुना सांडल्यासारखं पांढरं. मग कपाशी लावली, तीही वितीएवढी होऊन थांबली. ओल्या मातीत उभी राहून माना टाकायची! वर दादाचा ऊस होता, त्याला रात्रंदिवस पाणी. ते सगळं झिरपून आमच्या खोलगट रानात मुरायचं, वर यायचं, उन्हानं उडून जायचं आणि मीठ तेवढं मागं ठेवायचं. हे म्हणाले, "रान खारवलंय. आजचं नाय हे, जुनं दुखणं दिसतंय."

मी अशी तडकले! "माझ्या भावाच्या देण्याला नावं ठेवू नका. तुम्हांलाच शेती येत नाय."

नवरात्र आलं. घटाला आपल्याच रानातली माती लागते. मी ते ढेकूळ जपून ठेवलं होतं. तेच फोडून पत्रावळीवर पसरलं, गहू पेरले. चार-पाच दिवसांत असं दाट हिरवंगार आलं की मी ह्यांना हाताला धरून देवघरात नेलं. "बघा! आता बोला की."

हे वावरात गेले, परातभर माती घेऊन आले, त्यात त्याच पिशवीतले गहू टाकले आणि परात घटाशेजारी ठेवली. पाणी दोन्हीला मीच घालायची. दसरा झाला तरी परातीत चार पिवळ्या काड्या, त्याही आडव्या झालेल्या. मी परातीतली माती जिभेला लावली. खारट, कडवट. ढेकूळ आमच्या रानातलं नव्हतंच.

त्या दिवाळीला दादा हसत पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवलं आणि ताट हातात धरूनच विचारलं, "दादा, गेल्या साली दिलीस ती माती कुठली होती?"

त्यानं टोपी नीट केली. "वरच्या वावरातली."

"का रे?"

"खालची पांढरी दिसती, बाई. ती दिली असती तर तू सही केली असती व्हय?"

इतकं सरळ बोलला, जसं काही माझ्याच भल्याचं सांगत होता. सख्खा भाऊ माझा. मी ताट न ओवाळताच खाली ठेवलं.

मी म्हटलं, "ऊठ पाटावरून."