बेसनाच्या अंगावरचे निळे डाग

बेसना माझी धाकटी जाऊ. आमचं गाव तुर्कस्तानातल्या वान सरोवराच्या वरच्या डोंगरात. इथे घरोघरी रानलसूण घातलेलं चीज होतं, पण ताजं चीज खावं तर बेसनाकडचंच. दूध ती कधी उकळायची नाही. मेंढीच्या अंगाची ऊब त्यात असतानाच ते साकळायला ठेवायची. उकळलं की चव मरते, असं तिचं ठाम मत.

त्या वर्षी बर्फ वितळायच्या आधी आमच्या काही मेंढ्या गाभडल्या. मेलेली कोकरं बेसनानंच ओढून काढली, उघड्या हातांनी. तिच्याइतका हलका हात घरात कुणाचाच नव्हता. असं अधूनमधून होतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ताप यायला लागला. संध्याकाळी अंग मोडून यायचं, सकाळी अंथरूण घामानं ओलं. कंबर धरून चालायची.

"अगं, दवाखान्यात जाऊन ये," मी म्हटलं.

"आणि मेंढ्या तुम्ही दुहणार, जाऊबाई? तुम्हाला पाहूनच त्या लाथा झाडतात."

मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडांवर, मांड्यांवर निळेजांभळे डाग उठले. तिचा थोरला भाऊ शेमदीन शेजारच्या गावाहून भेटायला आला होता. चहा पुढे करताना तिची बाही वर सरकली. त्यानं पेला खाली ठेवला, अंगणात गेला आणि माझ्या दिराची, मिर्झाची, गचांडी धरली.

"माझ्या बहिणीवर हात टाकतोस?"

"मी? अहो, वेड लागलं का तुम्हाला? तिलाच विचारा!"

"तिला काय विचारू? ती तुलाच सांभाळून घेणार!"

बेसना धावत बाहेर आली. "दादा, सोड त्यांना! त्यांच्यानं साधी कोंबडी हाकलवत नाही, ते मला काय मारणार!" असं म्हणत ती मध्ये पडली आणि तिच्या नाकाचा घोळणा फुटला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. रक्त थांबेचना. तिची ओढणी भिजली, मग माझी. शेमदीनचा हात आपसूक सुटला. त्या दोघांनीच मिळून तिला उचलून गाडीत घातलं.

शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासलं. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या तर जवळजवळ संपलेल्या. डॉक्टरीणबाईंनी मिर्झाला बाजूला घेतलं. रक्ताचा कर्करोगही असू शकेल, कमरेच्या हाडातला मगज काढून पाहावा लागेल, म्हणाल्या. मिर्झानं आम्हाला बजावलं, तिच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही. पण आम्ही सगळे एकदम इतके गोड वागायला लागलो की तिला कळायचं ते कळलंच.

"जाऊबाई," तिनं मला जवळ बोलावलं, "दादा मला संत्रं सोलून देतोय. जन्मात त्यानं स्वतःसाठीसुद्धा सोललं नाही. मी मरतेय का हो?"

मला खोटं बोलवेना. "ठाऊक नाही गं," म्हटलं आणि तिचा हात धरून बसले.

मगजाचा निकाल आला. कर्करोग नव्हता, मेंढ्यांपासून लागलेला ताप होता. त्याचे जंतू तिच्या हाडांत जाऊन बसले होते आणि तिथे तयार होणाऱ्या रक्ताचीच नासाडी करत होते.

"मेंढ्या गाभडल्या होत्या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कच्च्या दुधाचं काही खाता?"

कर्करोग नाही म्हटल्यावर हसत पडलेली बेसना उठून बसली. "मी नुसतं खाल्लं नाही, बाई. सगळ्या गावाला खाऊ घातलंय."

गोळ्या बरेच आठवडे घ्यायच्या होत्या. त्यांनी पोट ढवळायचं, पण ताप उतरला, डाग पिवळे पडत विरून गेले. अंगात पुरतं बळ यायच्या आतच तिनं विषय काढला. ज्या ज्या घरी चीज दिलं, त्या सगळ्यांना सांगायचं.

मिर्झा हादरला. "आपलं नाव जाईल गं. परत कोण घेईल आपल्याकडचं?"

"जाऊ दे नाव. शेजारच्या हेलीनला दिवस गेलेत. ती रोज माझंच चीज खातेय."

बायका रोट्या लावायला तंदुराशी जमतात, तिथे तिनं उभं राहून सगळं सांगितलं, या आजारात ताप येतो, सांधे धरतात, तेही. मग म्हातारी गोझे कडाडली, "म्हणजे माझे गुडघे तू खाल्लेस होय! आणि मी मेली थंडीला शिव्या देत होते!"

हसू फुटलं, पण सगळ्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एकीनं चिजाचं मडकं आणून आमच्या दारात पालथं केलं. बेसनानं ते गोळा करून खड्ड्यात पुरलं, हात धुतले आणि दार लावून घेऊन रडली.

तपासणीत गोझे, हेलीन आणि आणखी दोघींना तोच आजार निघाला. हेलीनला वेळेत औषध मिळालं आणि तिचं बाळ वाचलं. मग जनावरांचे डॉक्टर आले. आजारी मेंढ्या कळपातून काढून मारायला नेल्या, कोकरांना लस टोचली. मेंढ्यांनी भरलेली गाडी वळणाआड जाईपर्यंत बेसना रस्त्यात उभी होती.

आता ती दूध उकळते. पुढच्या वसंतातलं पहिलं चीज चिवट झालं, खोटं कशाला सांगू. मिर्झा घास तोंडात घोळवत म्हणाला, "छान झालंय."

"आधी गिळा, मग बोला," बेसना म्हणाली.

तेवढ्यात हेलीन लेकीला कडेवर घेऊन आली. एक तुकडा चावून पाहिला, तोंड वाकडं केलं, आणि जाताना मडकंभर मागून घेऊन गेली.