आधी पडून दाखवा

माझ्या भाऊजींचा व्यवसाय चारशे घरांना इंटरनेट पुरवण्याचा. कुलपांच्या दुकानावर एक खोली, खोलीत ताईचं टेबल, टेबलावर तक्रारींचा फोन आणि कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटात सर्व्हर. कोणत्या घराला आत सोडायचं आणि कोणी मागितलेली वेबसाइट कुठल्या पत्त्यावर सापडेल, हे दोन प्रश्न तो दिवसभर सोडवतो. सेकंदाला शेकडो वेळा, आणि एकदाही ‘थांबा, चष्मा शोधतो’ न म्हणता. मला एकाच माणसाने एकच गोष्ट दोनदा विचारली तरी घाम फुटतो.

हा सर्व्हर महिन्यात तीनदा बसला. तिसऱ्या खेपेला अख्खा दिवस. नेमकी तेव्हाच एका मोठ्या कंपनीची माणसं दारोदार बेल वाजवत फिरत होती. “आणखी एकदा बंद पडलं की आम्ही चाललो,” असं ताईला फोनवर इतक्या जणांनी ऐकवलं, की भाजीवाल्यालाही ती “हो काका, समजलं” म्हणून मोकळी झाली. आणखी एकदा म्हणजे दुकान बंद, इतका हिशेब सरळ होता.

नव्या सर्व्हरसाठी विक्रेता आला. गुळगुळीत कागदावर फ्रिजएवढ्या यंत्राचं चित्र.

“हा बंद कसा पडतो?” भाऊजींनी विचारलं.

“साहेब, हा बंद पडतच नाही!”

“मग नको. बंद पडत नाही त्याला उठवायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नसतं.”

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

भाऊजींनी एका बंद होणाऱ्या कचेरीतून दोन जुनी, अगदी एकसारखी यंत्रं उचलून आणली. एकाचा पंखा गेला तर दुसऱ्याचा बसतो, हे पहिलं कारण. झाकण पेचकसाशिवाय उघडतं, हे दुसरं. परीक्षेसाठी ती मांडली स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मिक्सरला आठवडाभर पलंगाखाली राहावं लागलं.

परीक्षा अशी: यंत्रावर लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, घालायचं, चारशे घरांइतकं खोटं काम त्याच्या गळ्यात मारायचं, आणि ते मान मोडून राबत असताना भिंतीतून वायर उपटायची. लिनक्सचे तीन प्रकार आणले होते. पहिला, अगदी ताजा, उठलाच नाही. दुसरा उठला आणि पडद्यावर प्रश्न विचारून थांबला.

“उठल्यावर प्रश्न विचारणारा नको,” भाऊजी म्हणाले. “त्या वेळी मी कुठल्यातरी खांबावर तार जोडत असेन.”

तिसरा दोन वर्षांपूर्वीचा. त्याची वायर चाळीस वेळा उपटली. चाळीसही वेळा तो गुमान उठला, अर्धवट राहिलेलं आवरलं आणि कामाला लागला. मी एकदा जिन्यावर घसरलो होतो तर आठ दिवस सगळ्यांना सांगत होतो.

“जुनंच घेताय?” मी विचारलं.

“मेहुणे, नवं सॉफ्टवेअर म्हणजे नवा जावई. पहिल्या वर्षी सगळेच गुणी.”

“आणि पंधरा वर्षांचा जुना?” ताईने आतून विचारलं. भाऊजींनी पुन्हा वायर उपटली.

दोनांतलं एक यंत्र सर्व्हर म्हणून कपाटात बसवलं, चारशे घरं त्यावर आली. तीनच दिवसांनी, संध्याकाळी सात वाजता, म्हणजे घराघरांत सगळे पडद्यासमोर असतात तेव्हा, भाऊजी ताईला म्हणाले, “यात दोन डिस्क आहेत. दोन्हींवर तेच लिहिलेलं. कुठलीही एक ओढ.”

“अहो, लोकं आहेत त्यावर!”

“म्हणूनच. पडायचा असेल तर मी समोर असताना पडू दे.”

ताईने डोळे मिटले आणि ओढली. दिवा पिवळा झाला. आम्ही तिघं फोनकडे बघत राहिलो. एक मिनिट. दोन. तिसऱ्याला फोन खणाणला.

“अगं, पोरीशी बोलत होते परदेशात,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “आज चित्र अडकत नाही. नेहमी ओरडायलाच फोन करते, म्हटलं आज चांगलंही सांगावं.”

“हो मावशी, समजलं,” ताई म्हणाली. चारशे घरांचा अर्धा आधार तिच्या डाव्या मुठीत होता, अजून कोमट.

डिस्क परत बसवली. दिवा लुकलुकू लागला. ती बाहेर असताना जे जे घडलं, ते दुसरीवरून उतरवून घेत होती, कोणी न सांगता. शाळा बुडवलेल्या पोराने आपण होऊन वही मागावी, असा प्रकार मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

ताईला आता जोर चढला होता. “थांबा, दुसरीही ओढून बघते,” म्हणत तिने हात घातला आणि भाऊजी खुर्ची पाडून मध्ये धावले.

“अगं बाई, पहिलीचं उतरवून तरी होऊ दे! आत्ता ओढलीस तर चारशे घरं बंद!”

ताईने हात असा मागे घेतला, जणू तव्याला लागला. मग पडलेली खुर्ची उचलली, कपाटासमोर ठेवली आणि पदर खोचून बसली. तासाभराने दिवा लुकलुकायचा थांबून हिरवा झाला. तिने भाऊजींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून तिने दुसरी ओढली.

फोन वाजला नाही.