आमच्या नावेत बसा

ही गोष्ट मी आमच्या स्टाफरूममध्ये अजून सांगितलेली नाही, तेव्हा तुम्हीही तिकडे बोलू नका. चुका सगळ्यांच्याच होतात. पण चूक करत असताना आपण समोरच्यावर उपकार करतोय, असं समजणारी माणसं थोडी. त्यातली एक मी.

मी जळगावला शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं वर्गापुढे उभं राहून सूचना दिल्या की माणूस कसा होतो, हे तुम्हाला आमच्या ह्यांना विचारता येईल. ते सांगणार नाहीत, पण चेहऱ्यावर दिसेल.

तर झालं काय, गेल्या वर्षी माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चार महिने अंथरूण. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण खात्री देत नाही. तेव्हा अक्कांनी पडल्या पडल्या नर्मदामाईला बोलून ठेवलं की मला उभी कर, मी येऊन तुझी ओटी भरते. आणि काठावरून नाही, मधोमध येऊन.

दिवाळीनंतर अक्का काठी घेऊन चालायला लागल्या. मग आम्ही तिघं, मी, हे आणि अक्का, गाडी काढून नर्मदेकाठी महेश्वरला निघालो.

चोपडा सोडलं आणि आमचा वाद सुरू झाला.

"शेअरिंगच्या नावेत बसू," हे म्हणाले. "चार माणसं भेटतात. गप्पा होतात."

"गप्पांना जळगावात माणसं कमी आहेत का? ओटी भरायची आहे. लोक मागून घाई करणार. आपल्याला अख्खी नाव पाहिजे."

"अख्ख्या नावेत आपण तिघं काय करणार?"

"शांत बसणार."

शांत बसणं म्हणजे काय, ते ह्यांनी मला थेट सेंधव्यापर्यंत करून दाखवलं. पण ठरलं माझंच. प्रायव्हेट नाव.

महेश्वरचा घाट देखणा आहे, पण पायऱ्या पाहून मी आधी अक्कांच्या काठीकडे पाहिलं. हे पुढे जाऊन नाव ठरवून आले. "निळी नाव आहे," म्हणाले. "तू अक्काला घेऊन सावकाश उतर. मी गाडी नीट लावून येतो."

एक पायरी, मग काठी, मग दुसरी पायरी, मग दम. अर्धा तास लागला उतरायला. खाली पोचलो तेव्हा सूर्य कलला होता आणि माझ्यापुढे निळ्या नावा होत्या. एक नाही, सात-आठ. महेश्वरात नावेला दुसरा रंग देतच नाहीत की काय कोण जाणे.

अगदी जवळच्या नावेतला नावाडी आमच्याकडे बघून म्हणाला, "खानदेशवाले ना?"

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार होते?

"हो, खानदेशवाले," मी म्हणाले.

"बैठिए, बैठिए. बाकी लोग?"

"आ रहे हैं."

नावाड्याने हात दिला, अक्का आत आल्या. आत पाहिलं तर काय थाट. स्वच्छ, जाड, मऊ गादी अंथरलेली, टेकायला लोड, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि कप. मी मनात म्हटलं, याला म्हणतात प्रायव्हेट. अक्का गादीवर टेकल्या आणि किती दिवसांनी त्यांच्या तोंडून निघालं, "हाय, बरं वाटनं."

एवढ्यात एक कुटुंब नावेपाशी आलं. पन्नाशीचा दाढीवाला गृहस्थ, त्याची बायको, आणि त्या दोघांचा हात धरून उतरणारी त्याची आई. अक्कांच्याच वयाची. तिघं नावेसमोर येऊन थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली.

माझ्या लगेच लक्षात आलं. शेअरिंगवाले. चुकून इकडे आलेत.

"भाऊ, ही प्रायव्हेट आहे," मी म्हणाले. "शेअरिंगच्या नावा तिकडे लागतात, पलीकडे."

गृहस्थाने काही बोलायला तोंड उघडलं. मग त्याने अक्कांकडे पाहिलं, त्यांच्या काठीकडे पाहिलं. त्याच्या आईने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने तोंड मिटलं.

अक्का म्हणाल्या, "येऊ दे वं माय. इतली जागा शे. बठ्ठासले बसू दे."

सगळ्यांना बसू दे, हा अक्कांचा शब्द मोडायचा नाही, आणि खरं सांगते, मलाही जरा भरून आलं. किती मोठ्या मनाचे आहोत आपण, असं वाटलं.

"बरं, या," मी म्हणाले. "आमच्या नावेत बसा. फक्त आम्हाला ओटी भरायची आहे, त्यामुळे नाव आमच्या मनाप्रमाणे थांबेल. चालेल ना?"

"चालेल ताई," तो गृहस्थ म्हणाला. "मेहरबानी."

त्याचं नाव रशीदभाई. धुळ्याचे. बायको नसरीन, आणि आई, तिला ते अम्मी म्हणत होते.

नावाड्याला वाटलं आम्ही सगळी एकाच घरची. "आ गए सब? सूरज डूबने के बाद नाव बंद."

मी वर पाहिलं. ह्यांचा पत्ता नाही. फोन करायला पर्समध्ये हात घातला, तर फोन गाडीत चार्जिंगला. गाडी लावायला गेलेला हा माणूस वाटेत कोणाशी तरी बोलत उभा असणार, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

"चलिए," मी म्हणाले.

"ताई, तुमचे कोणी यायचे राहिलेत का?" रशीदभाईंनी विचारलं.

"राहू द्या. त्यांना शेअरिंग आवडतं. येतील त्यातून."

नाव निघाली. यजमानीण म्हणून माझी काही जबाबदारी होतीच. मी सगळ्यांना नीट बसवलं. "एका बाजूला गर्दी करू नका. भाऊ, तुम्ही इकडे सरका. अम्मी, तुम्ही गादीवर या, लाजू नका, आपलीच समजा."

"हां बेटा," अम्मी म्हणाल्या.

"गादी कशी आहे बघा," मी रशीदभाईंना म्हणाले. "प्रायव्हेटला असं सगळं मिळतं. कापूस जरा एका कोपऱ्याला गोळा झालाय, पण चालायचंच."

रशीदभाई गादीकडे बघून म्हणाले, "घरी गेल्यावर… म्हणजे, ते नीट करता येतं."

मग मी थर्मास उघडला. सगळ्यांना चहा दिला. नसरीन नको नको म्हणत होती. "घ्या हो, संकोच करू नका," मी आग्रह केला. आलं घातलेला, गोड, फक्कड चहा होता. "आपल्या खानदेशासारखाच करतात इकडे," असंही मी म्हणाले. नसरीनने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, वारा लागतोय तिला.

तिकडे दोघी म्हाताऱ्यांचं सूत जमलं होतं.

"कोठली शे वं तू?" अक्कांनी विचारलं.

"धुयानी. पन मन्हं माहेर शिरपूरबाजूनं शे."

"मन्हं बी तिकडलंच शे," अक्का म्हणाल्या आणि अम्मींचा हात हातात घेतला. तो ओटीची वेळ येईपर्यंत सोडलाच नाही.

नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे. त्याच्याजवळ नावाड्याने नाव थांबवली. मी ताटात खण, नारळ, हळदकुंकू मांडलं. आणि मला कळलं की हे मला एकटीला जमणार नाही. अक्कांना वाकता येत नव्हतं. आणखी थोडं वाकल्या तर तोल जाणार. मी ताट धरू की त्यांना धरू? अक्का पाण्याकडे बघत होत्या, हात पोचत नव्हता, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या दूर येऊन ओटी हातात राहते की काय, असं झालं.

रशीदभाई उठले. त्यांनी गादीची घडी घालून नावेच्या कडेशी उंच केली, अक्कांना तिच्यावर आडवं टेकवलं आणि पाठीमागून दोन्ही खांदे घट्ट धरले. अम्मींनी कंबर धरली. नसरीनने माझ्या हातातलं ताट घेतलं. "तुम्ही त्यांचा हात धरा," ती म्हणाली.

अक्कांची बोटं पाण्याला लागली. त्यांनी स्वतःच्या हाताने ओटी सोडली. मग ओल्या हाताने आधी अम्मींच्या गालावरून हात फिरवला, मग रशीदभाईंच्या, आणि शेवटी माझ्या. त्या वेळी मी एक शब्द बोलले नाही. आमच्या घरी याची नोंद व्हायला हवी होती, पण हे तिथे नव्हते.

परत निघणार, तेवढ्यात घाटाकडून एक निळी नाव येताना दिसली. भली मोठी, आणि तिच्यात नावाड्याशिवाय एकच माणूस. उभा राहून टॉवेल हलवत होता.

"बघा," मी रशीदभाईंना म्हणाले, "काही लोकांची हौस. एकट्याला अख्खी नाव लागते. चार जणांना घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

रशीदभाई म्हणाले, "ताई, ते तुम्हालाच हात करतायत वाटतं."

नाव जवळ आली. मी त्या माणसाचा चौकड्यांचा शर्ट ओळखला. सकाळी मीच इस्त्री केला होता.

"अगं, आपली नाव ही आहे," हे ओरडले. "पलीकडच्या टोकाला लावली होती. मी तासभर वाट बघितली, शेवटी तुम्ही इथे दिसलात."

"मग ही कोणाची?" मी विचारलं.

नावाडी म्हणाला, "इनकी है," आणि रशीदभाईंकडे बोट केलं.

"आणि गादी?"

"गादी आमची," रशीदभाई पाण्याकडे बघत म्हणाले. "मी धुळ्याला गाद्याच भरतो. अम्मीचे गुडघे दुखतात, म्हणून घरून आणली आणि आधीच येऊन अंथरून ठेवली."

चहाचं मी विचारलं नाही. नसरीन आता उघड हसत होती.

"अहो, मग बोलला का नाहीत?" माझा आवाज रडवेला झाला होता. "मी तुम्हाला तुमच्याच नावेतून हाकलत होते."

"बोलणारच होतो. पण अम्मी म्हणाली, त्या बाईला आता उठवलं तर ती परत पायऱ्या चढेल, दुसरी नाव शोधत जाईल, परत उतरेल. तिच्याने होणार नाही. आज राहून जाईल तिचं." मग ते हसून म्हणाले, "आणि तुम्ही एवढ्या प्रेमानं बसा म्हणालात. नाही कसं म्हणणार?"

खरंच होतं. पलीकडचं टोक पाहिलं मी नंतर. अक्का तिथे पोचल्याच नसत्या. मी हट्टाने ठरवलेल्या प्रायव्हेट नावेत अक्कांचा नवस फिटलाच नसता. तो फिटला तीन अनोळखी माणसांमुळे, आणि तेही माझा सगळा तोरा मुकाट्याने गिळून. मी अम्मींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे बेटा, तू चाय तर पाजली ना."

अक्का काही नाव बदलायला तयार होईनात. त्या अम्मींजवळच बसल्या. मग मी आणि हे आमच्या अख्ख्या नावेत बसून परतलो. शेजारच्या नावेतून हसण्याचे आवाज येत होते. आम्ही दोघं, ठरल्याप्रमाणे, शांत बसलो होतो.

घाटावर रशीदभाईंनी आणि ह्यांनी हातांची खुर्ची करून अक्कांना वर नेलं. वर पोचल्यावर रशीदभाई म्हणाले, "ताई, उद्या आम्ही मांडूला चाललोय. अम्मी म्हणते, अक्कांना पण घ्या. मोठी गाडी आहे, सगळे मावतील." मग घसा साफ करून म्हणाले, "फक्त एक. गाडी आमची आहे. आधीच सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर खिडकीशी अंग चोरून बसले आणि मांडू येईपर्यंत कोणालाही "सरकून बसा" म्हणाले नाही.